सोफा-कम-बेड : एक पावसाळा आणि एक गणपती झाल्यावर

मापं, रंग, किंमत सगळीकडे दिलेलं आहे, ते परत लिहीत नाही. तीन सीटचा, पुढे ओढला की बेड होणारा, कोपऱ्यातल्या लाउंजरखाली (पाय लांब करून बसायच्या भागाखाली) स्टोरेज असलेला प्रकार. घर लालबागला. हॉल दहा फूट रुंद. त्यात दिवसा टीव्ही, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, रात्री सासूबाईंची झोप. बेडरूम नावाला आहे, घर चालतं ते हॉलमध्येच.

लिहायला बसले ते लाउंजरच्या झाकणामुळे. हायड्रॉलिक पंपावर उचललं जाणारं हे झाकण बघूनच मी पैसे मोजले होते. एका हाताने उचला, गाद्या-उशा आत टाका, सोडून द्या. उन्हाळाभर काही तक्रार नाही. जुलैत ते तिरकं उघडायला लागलं आणि एका रात्री गोधडी काढताना डावीकडचा पंप ब्रॅकेटसकट हातात आला.

सर्व्हिसची कथा थोडक्यात. तक्रार टाकली, व्हिडिओ मागितला, पाठवला, तक्रार परस्पर बंद. परत टाकली, परत तेच. शेवटी वॉरंटी चालू असताना ४९९ रुपये व्हिजिट चार्ज घेऊन माणूस आला. आधी म्हणाला, "मॅडम, पंप गेलाय." मग स्क्रूच्या भोकात बोट घालून म्हणाला, "ओल आलीय, हे वॉरंटीत बसत नाही." ओल! भिंत कोरडी ठणठणीत, खिडकी दुसऱ्या टोकाला, थेंबभर पाणी सांडलेलं नाही. मुंबईत जुलैमध्ये हवेतच पाणी असतं, ते गिऱ्हाइकाने नेऊन कुठे ठेवायचं?

खरं दुखणं आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी पाच मिनिटांत दाखवलं. पंप ठणठणीत होता. त्यावर १२० न्यूटन छापलंय, म्हणजे साधारण बारा किलोचा जोर. आणि गंमत अशी की झाकण बंद असतं तेव्हाच पंप पूर्ण दाबलेला असतो. आपण वर बसून चहा पितो तेव्हाही तो आतून ब्रॅकेटला ढकलतच असतो, दिवसरात्र. एवढा जोर कुणावर? पार्टिकल बोर्डात पिळलेल्या चार आखूड स्क्रूंवर. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबलेला. दमट हवेत तो कडेने फुगतो, आणि स्क्रूचं भोक एकदा भुसभुशीत झालं की तिथे परत काही धरत नाही. काकांनी नखाने खरवडलं तर जिलबीच्या तळाचा चुरा पडावा तसा भुगा पडला.

माहितीत फक्त 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलं होतं. त्यात प्लाय, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड सगळंच खपतं. घ्यायचाच असेल तर पंपाचा ब्रॅकेट कशात बसवलाय ते विचारा. प्लाय म्हणाले तर कुठला ते विचारा: साधा एमआर (दमटपणा सोसणारा), त्याहून बरा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा), की आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन. दुकानातला माणूस गडबडला तर समजून जा.

काकांनी दोन्ही बाजूंना मरीन प्लायच्या पट्ट्या लावून स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट टाकले. कंपनीच्या व्हिजिट चार्जपेक्षा थोडेच जास्त घेतले. झाकण आता पहिल्यापेक्षा सरळ उघडतं.

फोमबद्दल मात्र पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते की दगड आहे, घेऊ नका. ते आता मागे घेते. सीटला ४० डेन्सिटीचा फोम आहे. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, एका घनमीटरचं किलोतलं वजन. वापरून तो बसायला मऊ झाला, पण खड्डा पडला नाही. सीट जमिनीपासून अठरा इंच असल्यामुळे सासूबाई गुडघ्यावर हात न टेकता उठतात. जुन्या बैठ्या सोफ्यावरून त्यांना कुणीतरी हात द्यावा लागायचा. निव्वळ यासाठी एक स्टार जास्त.

खरी परीक्षा गणपतीत झाली. सांगलीहून नणंद आणि मंडळी राजाच्या दर्शनाला आली, रांगेतून परतली पहाटे. सोफा बंद असताना तीन फूट, उघडला की सहा. समोर पंधरा इंचांचं टीव्ही युनिट, म्हणजे मध्ये पावणेतीन फूट उरतात. बाथरूमला जाणाऱ्याने कुणाच्या पायावर पाय दिला नाही. टीपॉय मात्र आम्ही आधीच काढून टाकला होता. रोज रात्री तो कुठे सरकवायचा हा प्रश्न दुकानात कुणी सांगत नाही. त्याऐवजी दोन हलके स्टूल आहेत, ते कुठेही जातात. दोन गाद्यांमधला सांधा पाठीला लागतो, त्यावर एक गोधडी घाला.

कापड घेतलं ते बरं झालं. शेजारच्या वहिनींच्या लेदरेट सोफ्याचे पापुद्रे निघून सगळ्यांच्या कपड्यांना चिकटतात. दमट हवेत वरचा पीयूचा (प्लास्टिकसारखा) थर विरतोच. माझी कव्हरं चेन उघडून धुता येतात, पावसात वाळत नाहीत ही गोष्ट वेगळी. स्टोरेजमध्ये डांबराच्या गोळ्या टाकूनही गाद्यांना कुबट वास आलाच. ऊन पडलं की झाकण तासभर उघडं ठेवते. आणि हो, सोफ्यामागे चार्जिंगचा पॉइंट गाडला गेलाय. तुम्ही आधी बघून घ्या.

दरम्यान मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. मग कंपनीचा फोन आला, आवाजात साखर. दोन नवे पंप फुकट पाठवले. जुने पंप धडधाकट आहेत असं सांगूनही पाठवलेच, ते माळ्यावर पडलेत. ४९९ रुपये "प्रोसेसमध्ये" आहेत. आले की इथेच खाली लिहीन, तोपर्यंत तीन स्टार.