खिशातला आरतीसंग्रह: घर एक, मागणी प्रत्येकाची वेगळी

पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारा खिशात मावणारा आरतीसंग्रह दहाजणांनी मिळून आरती म्हणायला उत्तम. ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंतचा क्रम बहुतेक प्रतींत सारखाच, त्यामुळे शेजारच्याच्या हातात दुसरी प्रत असली तरी अडत नाही. एकट्याने बसून प्रार्थना शिकणाऱ्याला मात्र हे पुस्तक अर्ध्या वाटेवर सोडतं.

पहिली उणीव अर्थाची. ‘फणिवरबंधना’ म्हणजे कमरेला नाग बांधलेला. हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून पोरं बिनधास्त ‘फळीवर वंदना’ म्हणतात. विकत घेताना हा शब्द आधी बघा. मग ‘कायेन वाचा’ काढा. तिथे ‘करोमि यद्यत्सकलं’ हवं. ‘यज्ज्य’ छापलेलं असेल तर पुस्तक परत ठेवा, आत आणखी चुका निघतील.

संकटनाशन गणेशस्तोत्र बहुतेक संग्रहांत असतं. श्लोक आठ. पहिल्या चारांत वंदन आणि बारा नावं, पाचव्यापासून फलश्रुती, म्हणजे म्हटल्याने काय फळ मिळतं ते. ‘विद्यार्थी लभते विद्यां, धनार्थी लभते धनम्’ इथे प्रत्येकाच्या गरजेला जागा आहे. गीतेच्या सातव्या अध्यायातही आर्त (संकटात सापडलेला), जिज्ञासू, अर्थार्थी (काही मिळवू पाहणारा) आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितलेत. तेव्हा परीक्षेसाठी हात जोडणाऱ्या मुलाला हसू नये. पण पुस्तकात वंदन आणि फलश्रुती सलग छापतात, म्हणून नवशिक्याला फळाची यादीच प्रार्थना वाटते. पेन्सिलीने चौथ्या श्लोकाखाली रेघ ओढा, काम भागतं.

ज्याला स्वतःसाठी काहीच मागायचं नाही, किंवा ठरावीक मूर्तीसमोर हात जोडणं जड जातं, त्याच्यासाठी पसायदान. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या या नऊ ओव्या ‘विश्वात्मक देवा’कडे मागणं मागतात. बहुतेक प्रती घोळ घालतात त्या इथेच. ओवीचे चरण चार, त्यातले पहिले तीन यमकाचे आणि चौथा आखूड. जागा वाचवायला ते दोन ओळींत कोंबले की वाचणारा भलतीकडे थांबतो. ‘जो जे वांछील तो ते लाहो’वर सगळे थांबतात आणि पुढचा ‘प्राणिजात’ पुढच्या ओवीला चिकटतो. खरं तर ज्याच्यासाठी मागणं आहे तो याच शब्दात आहे. माणूसच नव्हे, जीवमात्र. चार चरण चार ओळींत छापलेली प्रत मिळाली तर दोन पैसे जास्त द्या.

शिकायला रोज एकच ओवी घ्यावी: आधी अर्थ, मग तीनदा मोठ्याने. नऊ दिवसांत नऊ होतात, दहाव्या दिवशी सलग म्हणून पाहावं. सगळं एकदम पाठ करायला घेतलं की सहावी-सातवी ओवी हमखास उलटसुलट होते.

बांधणीचं म्हणाल तर पिनेची प्रत ताटाशेजारी उघडी राहत नाही आणि तेलकट बोटांनी मधलं पान आधी सुटतं. शिवणीची घ्या. आजी-आजोबांसाठी मोठ्या टाइपाची वेगळी घ्यावी लागते. निरांजनाच्या उजेडात खिशातल्या प्रतीचा टाइप त्यांना दिसत नाही.