एमडी५, एसएचए-१ की एसएचए-२५६: कलम ६३ च्या सर्टिफिकेटवर टिक कुठे मारायची?

माझा एक दोस्त इथं नागपूर खंडपीठात जुनिअर वकील आहे, परवा सिव्हिल लाइन्सच्या टपरीवर फॉर्म पुढे करून विचारतो, "अबे, यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ अन् 'इतर' असे चौकोन आहेत, कोणत्यावर टिक मारू? क्लायंटच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज आहे." भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ ला लागू झाला तेव्हापासून डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या या कलम ६३ च्या सर्टिफिकेटवर फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. अन् हे चौकोन म्हणजे तो हॅश काढायच्या वेगवेगळ्या पद्धती.

एमडी५ लिहायला सोपा, ३२ च अक्षरं, म्हणून लोक सोडत नाहीत. पण २००४ मध्येच चिनी गणितज्ञ वांग शियाओयून यांच्या टीमनं त्याची कोलिजन काढून दाखवली, म्हणजे फाइली दोन अन् हॅश एकच, आणि आता तर साध्या लॅपटॉपवर काही सेकंदात अशी जोडी बनते. दोस्त म्हणे, पण माझ्या फुटेजच्या हॅशला जुळणारी दुसरी फाइल कोण बनवणार? बरोबर आहे, आधीच असलेल्या फाइलला जुळवणं एमडी५ मध्येही अजून कोणाला प्रत्यक्षात जमलेलं नाही. पण मुद्दा तो नाहीच न बा! कोलिजनमध्ये दोन्ही फाइली एकच माणूस बनवतो, अन् कोर्टात पेनड्राइव्ह देणारा तर स्वतःच पार्टी असतो, एक फाइल जमा करायची अन् दुसरी खिशात. समोरचा वकील नेमका इथंच पकडेल.

एसएचए-१ जरा दमाचा निघाला. २०१७ मध्ये गूगल अन् ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं एकाच हॅशच्या दोन पीडीएफ काढल्या, त्याच्या पहिल्या टप्प्यालाच एका सीपीयूच्या ६,५०० वर्षांएवढं काम लागलं. २०२० मध्ये त्याहून घातक प्रकार, जिथं दोन्ही फाइलींची सुरुवात आपल्याला पाहिजे तशी ठेवता येते, तोही जमला; संशोधकांना ७५ हजार डॉलरच्या आसपास खर्च आला, पण पुढं ४५ हजारातच होईल असा त्यांचा तेव्हाच अंदाज होता. ४५ हजाराचे तेव्हाचे तीसेक लाख रुपये झाले, वर्धा रोडवरच्या प्लॉटच्या भांडणात एवढे तर लोक सहज लावतात.

एसएचए-२५६ चं अजून कोलिजन सापडलेलंच नाही. २३ लोक जमले की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायची शक्यता अर्ध्याहून जास्त होते, त्याच हिशेबानं इथं आंधळेपणानं शोधायचं म्हटलं तरी २ च्या १२८ व्या घाताएवढे प्रयत्न लागतात. अक्षरं ६४ आहेत खरी, पण हातानं उतरवू नको, कॉपी-पेस्ट कर. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश या कमांडला दुसरं काही सांगितलं नाही तर हाच निघतो, अन् वेळ म्हणशील तर तो पेनड्राइव्ह वाचण्यातच जातो.

एसएचए-३ पण पक्का आहे, २०१५ चं स्टँडर्ड, आतली बनावट पूर्ण वेगळी. पण 'इतर' मध्ये नाव लिहा अन् मग सगळ्यांना समजावत बसा, काऊन उगाच?

दोस्तानं एसएचए-२५६ वर टिक मारली, मग हळूच म्हणे फुटेज क्लायंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलंय. व्हिडिओ म्हणून! तिथं तो दाबून लहान होतो, फाइलच बदलते, मग हॅश कोणताही घे, डीव्हीआरमधल्या, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधल्या, फाइलशी जुळणारच नाही. पाठवलं त्याला परत, पेनड्राइव्ह घेऊन.