मुंबई ते गोवा: विमानाची हौस, विमानतळाचा जाच आणि रेल्वेचा पर्याय

विमानात बसायला मनापासून आवडते, पण विमानतळाचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात, असे प्रवासी थोडेथोडके नाहीत. मुंबईहून गोव्याला किंवा सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला जाणाऱ्यांना ही कुचंबणा अधिक जाणवते, कारण या मार्गावर विमान प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण तास असते आणि त्याच्या मागेपुढे चार तास सहज खर्ची पडतात. त्यातच आता मुंबईकडे दोन आणि गोव्याकडे दोन विमानतळ झाले आहेत आणि २७ जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारतही धावू लागली आहे. त्यामुळे ज्याला आकाशातला भाग हवा आहे आणि जमिनीवरचा शक्य तितका टाळायचा आहे, त्याने यांतले काय निवडावे, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. रस्त्याचा पर्याय मुद्दाम वगळला आहे. मुंबई-गोवा महामार्गाविषयी जे बोलायचे ते कोकणातला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षे बोलतोच आहे.

प्रथम वेळेचा हिशेब मांडू. दादरला राहणारा आणि पणजीला जाणारा प्रवासी गृहीत धरला, तर घरापासून विमानतळापर्यंत अर्धा-पाऊण तास, विमान कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे दोन तास आधी हजेरी, वेळापत्रकातले सव्वा ते दीड तासाचे उड्डाण, उतरून बाहेर पडायला अर्धा तास आणि उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून पणजीपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर, असे सगळे मिळून साडेपाच तासांच्या आसपास जातात. पावसाळा सोडून इतर दिवसांत वंदे भारत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पहाटे ५.२५ ला निघते आणि दुपारी १.१० ला मडगावला पोहोचते. पणजीला जाणाऱ्याने त्याआधीच थिवीला उतरायचे असते. म्हणजे घरापासून मुक्कामापर्यंत आठ तास धरावेत. फरक दोन-अडीच तासांचा पडतो आणि तिकिटावर छापलेल्या वेळा पाहून वाटतो त्याहून तो पुष्कळच कमी आहे.

मात्र हे तास एका जातीचे नाहीत. विमानाच्या साडेपाच तासांचे आठ-दहा तुकडे पडतात आणि त्यांतला एकही तुकडा निवांत नसतो: प्रवेशद्वारावर ओळखपत्र, सामानाचा काउंटर, सुरक्षा तपासणी, गेट, गेटवरून विमानापर्यंतची बस, आणि पुन्हा तिकडे सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणे. रेल्वेचे सात तास सलग मिळतात. ज्याला कंटाळा उभे राहण्याचा आणि सारखे उठबस करण्याचा आहे, त्याने हा फरक वेळेच्या फरकाइतकाच महत्त्वाचा मानावा.

आता यातला टाळता येण्याजोगा जाच कोणता, ते पाहणे आवश्यक आहे, कारण सगळाच काही अटळ नाही. मुंबईत सर्वांत बेभरवशाचा भाग होता तो विमानतळापर्यंतचा रस्ता. मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण झाली आणि सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला आणि सहारच्या टर्मिनल २ ला तिची स्वतंत्र स्थानके आहेत. गिरगाव, वरळी, दादर, माहीम या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने या एका बदलाने विमानप्रवासाचे पारडे जड केले आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकण्याच्या भीतीने जे तासभर आधी घर सोडावे लागत असे, ते आता लागत नाही. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही, परंतु त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि टॅक्सी पुरते. तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. एकाच कंपनीची विमाने दोन्ही टर्मिनलांवरून सुटू शकतात आणि एका टर्मिनलवरून दुसऱ्याकडे जायचे म्हणजे विमानतळाला वळसा घालून जावे लागते.

दुसरा टाळता येण्याजोगा भाग सामानाचा. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे ७ किलोंची हातातली पिशवी आणि १५ किलोंचे मोठे सामान नेता येते. चार दिवसांच्या गोवा मुक्कामाला ७ किलो पुरतात, आणि मोठी बॅग नसेल तर काउंटरची रांग आणि उतरल्यानंतरची पट्ट्यापाशची प्रतीक्षा या दोन्ही गोष्टी एकदम गळून पडतात. मोबाइलवर चेक-इन केलेले असेल, तर निघण्यापूर्वी ६० मिनिटे बंद होणाऱ्या काउंटरची धास्तीही उरत नाही.

डिजियात्रेविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण तिच्याविषयीच्या अपेक्षा अवास्तव असतात. डिसेंबर २०२२ मध्ये देशात सुरू झालेल्या या ऐच्छिक सोयीमुळे चेहरा पाहून दार उघडते आणि प्रवेशद्वारावरची ओळखपत्राची रांग वाचते. पण त्यापुढची अंगझडती आणि सामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते आणि ती सर्वांना सारखीच. एका ट्रेमध्ये लॅपटॉप, दुसऱ्यात पट्टा, पाकीट, घड्याळ आणि चाव्या. ट्रे पुढे सरकतो, आपण कमानीतून जातो, हात पसरून लाकडी चौथऱ्यावर उभे राहतो, आणि पलीकडे येऊन पाहावे तर आपला एक ट्रे आला आहे आणि दुसरा फेरतपासणीसाठी बाजूला काढला आहे. ही दहा-पंधरा मिनिटे कोणत्याही अॅपने कमी होत नाहीत; खिशातल्या सगळ्या वस्तू घरीच पिशवीच्या एका कप्प्यात टाकल्या तर थोडीफार होतात.

नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुटू लागली. पनवेल, खारघर, उलवे, उरण या भागांतल्या प्रवाशांनी आणि पुण्याहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्यांनी तिथल्या उड्डाणांचा विचार आधी करावा, हे उघड आहे. दक्षिण मुंबईकराला अटल सेतू जवळ असला, तरी त्याचा पथकर आणि टॅक्सीचे भाडे यांची बेरीज केल्यावर या छोट्या प्रवासासाठी तो व्यवहार पटण्यासारखा नाही. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांची धावपट्टीच्या तोंडाशी रांग लागते. नव्या ठिकाणी ही अडचण तूर्त नाही. पण पश्चिम उपनगरातल्या माणसाने केवळ त्यासाठी खाडी ओलांडू नये.

गोव्याच्या टोकाला निवड अधिक सोपी आहे, आणि तरीही चुका इथेच अधिक होतात, कारण तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ 'गोवा' याच नावाखाली येतात. दाबोळीचे सांकेतिक अक्षर जीओआय आणि मोपाचे जीओएक्स, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दाबोळी हा मुळात पोर्तुगीज काळातला विमानतळ असून आज तो नौदलाचा तळ आहे. नौदलाच्या सरावामुळे कामाच्या दिवशी सकाळच्या काही तासांत तिथल्या नागरी उड्डाणांवर मर्यादा असते. वास्को, मडगाव, कोलवा, काणकोण इकडे जायचे असेल तर दाबोळीला तोड नाही. पेडणे तालुक्यातला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. तो उत्तर गोव्यासाठी आणि त्याहीपेक्षा बांदा, सावंतवाडी, शिरोडा, वेंगुर्ले या आपल्या बाजूच्या गावांसाठी सोयीचा आहे. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण मुंबईची सेवा तिथे सातत्याने टिकली नाही. त्यामुळे सावंतवाडीकर मुंबईकराने मोपाच आपला मानलेला बरा. मडगावला जाणाऱ्याने मात्र स्वस्त तिकिटाच्या मोहाने मोपाला उतरू नये. तिथून मडगाव साठ किलोमीटरांहून दूर आहे, ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, आणि वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेऊन जातो. दोन्ही विमानतळांवरून कदंब महामंडळाच्या बसगाड्या सुटतात. घाई नसलेल्याने त्यांची वेळ आधी पाहून ठेवावी.

एवढा सगळा जाच ज्यासाठी सोसायचा, ती खिडकी. मुंबईहून दक्षिणेला जाताना डाव्या हाताला जमीन आणि उजव्या हाताला समुद्र असतो, म्हणून जाताना 'ए' आणि येताना 'एफ' ही जागा घ्यावी, आणि ती पंखाच्या पुढे किंवा शेपटीजवळ घ्यावी. विमान बहुधा पश्चिमेकडे उडते, जुहूचा किनारा पायाखालून जातो आणि मग ते डावीकडे वळते. पुढे मार्ग किनाऱ्याला धरून असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर कोकणच्या खाड्या एकामागून एक येत राहतात: बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, मग विजयदुर्गची वाघोटन. ऑक्टोबरच्या अखेरीस सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचे, गवत सोनेरी झालेले असते, त्यांच्या उतारांवरची झाडी अजून गर्द हिरवी असते, आणि खाडीच्या मुखाशी वाळूची दांडी कशी वळली आहे ते नकाशातल्यासारखे दिसते. जमिनीवरून हा किनारा कितीही वेळा पाहिला असला, तरी एका नदीच्या आणि पुढच्या नदीच्या मधली गावे एकमेकांपासून इतकी तुटलेली का राहिली, हे वरून एका नजरेत कळते.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो ठामपणे मांडावासा वाटतो: विमानाची हौस असलेल्याने रात्रीचे विमान घेऊ नये. विमानतळाची पूर्ण किंमत मोजायची आणि खिडकीबाहेर काळोख पाहायचा, यात काहीच हाती लागत नाही. सकाळची पहिली विमाने सहसा वेळेवर सुटतात, कारण उशीर दिवसभरात साचत जातो. दुपारी उशिराच्या विमानाला उजव्या खिडकीतून मावळतीचा समुद्र मिळतो, पण तोवर वेळापत्रक घसरलेले असण्याची शक्यता बरीच असते. ज्याला उशिराचा त्रास अधिक होतो त्याने सकाळ निवडावी. प्रस्तुत लेखक हिवाळ्यातली संध्याकाळ निवडतो आणि उशीर सोसतो.

रेल्वेच्या खिडकीविषयी एक गैरसमज आहे. १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली कोकण रेल्वे समुद्राकाठाने जाते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती डोंगर पोखरत, नद्या ओलांडत आतून जाते आणि समुद्र जवळपास दिसतच नाही. नव्वदहून अधिक बोगद्यांपैकी रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरांचा आहे. पण बोगद्यांच्या मधल्या दऱ्या आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल हे सारे शांतपणे, बसल्या जागी पाहता येते. वंदे भारतमध्ये चेअर कारला सुमारे दोन हजार रुपये लागतात, जागा आरामशीर असते, काच मात्र बंद असते. उघड्या खिडकीचा वारा हवा असेल आणि संपूर्ण दिवस हाताशी असेल, तर मांडवी एक्स्प्रेसच्या साध्या शयनयानाला पर्याय नाही. तिच्यातले खाणे प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे.

पावसाळ्यात दोन्हीकडची गणिते बदलतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाले की सुरक्षिततेसाठी वेग कमी केला जातो, वंदे भारतला सुमारे दहा तास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. विमानेही मुंबईच्या मुसळधार पावसात घिरट्या घालतात आणि ढगांमुळे खिडकीचा मुख्य लाभ नाहीसा होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हौशी माणसानेही रेल्वेने जावे. दहा तास लागले तरी कोकण त्या दिवसांत जमिनीवरूनच पाहण्यासारखे असते.

उरला परतीचा प्रवास, आणि त्याचा निर्णय वेगळा करावा. गोव्याहून किंवा सावंतवाडीहून रिकाम्या हाताने कोणी परतत नाही. सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील म्हणून विमानात नेता येत नाही, कोकमाचे आगळ द्रव म्हणून हातातल्या पिशवीत अडवले जाऊ शकते, आणि मोठे सामान दिले की टाळलेल्या सगळ्या रांगा परत येतात. कोकणकन्या एक्स्प्रेस मडगावहून संध्याकाळी निघते आणि पहाटे मुंबईला पोहोचते; तिच्यात पिशवी कोणी उघडत नाही. जाताना दिवसाचे विमान आणि येताना रात्रीची गाडी, ही जोडी ऑक्टोबर ते मे या काळात बहुतेकांना मानवेल. एक पथ्य पाळावे लागेल: रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि सुट्ट्यांच्या दिवसांत पाहता पाहता संपते, त्यामुळे परतीचे रेल्वे तिकीट आधी हाती घ्यावे आणि मगच त्यानुसार जाण्याचे विमान ठरवावे.