बुडापेस्टला अर्ध्या दिवसात उरकू नका

युरोपातली एकच राजधानी करायची असेल आणि खाणंपिणं, बघणं, आराम सगळंच हवं असेल तर सरळ हंगेरीच्या बुडापेस्टला जा, असं मी कॉलेज रोडच्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते. नाशिकमध्ये टूरवाल्यांकडे चौकशी केली तर व्हिएन्ना आणि प्राग भरभरून असतं आणि बुडापेस्टला एक रात्र, म्हणजे दुपारी पोचायचं, बोटीत चक्कर मारायची, इंडियन हॉटेलात पनीर खायचं आणि सकाळी बसमध्ये. कृपा करून असं करू नका. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत स्वतः बुकिंग करून गेलो, मी, नवरा आणि माझी आई, जी पक्की शाकाहारी आहे, आणि तिघंही खूश होऊन आलो.

सुरुवात मार्केटपासून करा. फोवाम चौकातलं सेंट्रल मार्केट 1897 चं आहे, वर रंगीत कौलांची नक्षी आणि आत लोखंडी खांबांचा भलामोठा हॉल. खाली भाज्या, फळं, मटण, मिरच्यांच्या माळा, तळघरात लोणची आणि मासे, वरच्या मजल्यावर खायचे स्टॉल आणि प्रवाशांसाठी वस्तू. तळघर चुकवू नका, काचेच्या बरण्यांत काकडी, कोबी, ढोबळी मिरची, लसूण इतकं देखणं रचून ठेवलेलं असतं की आई तिथून हलेचना. "अगं, ह्यांच्याकडेपण वर्षाचं भरून ठेवतात की," म्हणाली आणि मग प्रत्येक बरणीपुढे थांबत गेली. वरच्या मजल्यावर लांगोश खाल्लं, म्हणजे तळलेली जाड यीस्टची पुरी, वरून लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. गरमच खायचं, पाच मिनिटांत चिवट होतं. आणि साधंच घ्या, तिथे वर वाट्टेल ते टाकून किंमत दुप्पट करतात, त्याची काही गरज नाही.

आता गुयाश, ज्याला आपण गुलाश म्हणतो. तिथे ते सूप असतं, पातळ, बीफ आणि बटाट्याचं, पापरिकामुळे रंग मिसळीच्या तर्रीसारखा आणि तिखटपणा जवळपास शून्य. आपण नाशिकची माणसं तो रंग बघून सावध होतो आणि पहिल्या चमच्याला नाकात येतो गोडसर, धुरकट वास. नवऱ्याने तर वाटी पुसून खाल्ली. ही पापरिका म्हणजे मिरचीच, अमेरिकेतून निघून तुर्कांच्या मार्फत तिथे पोचलेली, आणि सेगेड गावच्या ह्याच मिरचीतून अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी भरपूर क जीवनसत्त्व काढलं, त्यांना 1937 चं नोबेल मिळालं. पाकिटावर एदेश लिहिलं असेल तर गोड आणि चीपोश म्हणजे तिखट, हे बघून घ्या. घरी करताना कांदा परतला की भांडं गॅसवरून खाली घेऊन मग पापरिका घालायची, तिच्यात साखर असते, लगेच करपते आणि कडू होते. ज्यांना झणका लागतोच त्यांनी एरोश पिश्ता नावाची बाटली घ्यावी, वाटलेली मिरची आणि मीठ, बास, आम्ही ती टेबलावर मागूनच घ्यायचो.

शाकाहारी लोकांसाठी सांगते, उपाशी राहत नाही पण विचारावं लागतं. बीन्सचं सूप म्हटलं तरी त्यात बहुतेक वेळा डुकराचं धुरावलेलं मांस असतं, आणि फोडणी चरबीची असू शकते. "हूश नेल्क्युल", म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करून जा. आईला सगळ्यात आवडलं ते फोझेलेक, पालक, मटार, दुधी असल्या भाज्यांची घट्टसर रस्साभाजी, साध्या खानावळीसारख्या जागी स्वस्तात मिळते, वर कटलेट नको म्हणून सांगायचं. चेरीचं गार आंबटगोड सूप मात्र तिला काही पटलं नाही, मला फार आवडलं. गोडात दोबोश केक खा, स्पंज आणि चॉकलेट क्रीमचे थर आणि वर कडक कॅरमेल, 1885 पासूनचा आहे, त्या कॅरमेलवर चमचा मारला की टक्क वाजतं.

आणि गरम पाण्याचे हौद! शहराखालीच गरम झरे आहेत. सेचेनी स्नानगृह म्हणजे पिवळा राजवाडा आहे राजवाडा, 1913 साली उघडला, त्याच वर्षी अमृता शेर-गिल ह्याच शहरात जन्मल्या. बाहेर हवा बोचरी, अंगावर काटा, आणि पाणी 38 डिग्रीच्या आसपास, वाफेतून समोरचा माणूस नीट दिसत नाही, आणि म्हातारे लोक छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतायत, एक आजोबा तर हत्ती हातात धरून किती वेळ विचार करत होते, मी बघत राहिले. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आधी नाहीच म्हणत होती, आत उतरल्यावर बाहेर यायला तयार नव्हती. टॉवेल आणि चपला घरून न्या, पोहायच्या मोठ्या हौदात टोपी लागतेच, आणि लहान मुलं बरोबर असतील तर वयाचे नियम आधी वाचून घ्या. जायला पिवळी छोटी मेट्रो आहे, 1896 ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी भुयारी लाइन, तिची लाकडी सजावटीची स्टेशनं बघायला मी उगाचच उतरत होते. ज्यांना गर्दी नको त्यांनी रुदाशला जा, तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेला घुमट आणि खाली अष्टकोनी हौद.

नदी बघायला बोटीचं महागडं डिनर घेऊ नका, जेवण बेताचं आणि काचेत आपलीच तोंडं दिसतात. 2 नंबरची ट्राम पकडा, डॅन्यूबच्या काठाकाठाने पार्लमेंट, साखळी पूल, मार्केट सगळं एका तिकिटात, संध्याकाळी दिवे लागल्यावर तर विचारूच नका. पार्लमेंटचा घुमट 96 मीटर आणि सेंट स्टीफनची बॅसिलिकासुद्धा 96 मीटर, मग्यार, म्हणजे हंगेरियन लोक इथे 896 साली आले म्हणून. पार्लमेंट आतून बघायचं असेल तर तिकीट आधीच काढा. तिथून जवळच काठावर लोखंडी बुटांच्या 60 जोड्या आहेत, 1944-45 च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत पाडलं, त्यांच्यासाठी. एक अगदी छोटा, लहान मुलाचा जोड आहे, त्यात कोणीतरी फूल ठेवलं होतं. तिथे पोज देऊन फोटो काढणारे लोक बघून मला फार वाईट वाटलं, निदान आपण तरी तसं करू नये.

वाइनवाल्या गावची माणसं आपण, त्यामुळे तोकाय असू ह्या तिथल्या गोड वाइनचा एक ग्लास घ्याच. निफाडला मामाची द्राक्षबाग आहे, भुरी-डाऊनी हे बुरशीचे रोग दिसले की घरात कुणाला झोप नसते, आणि तोकायला एक विशिष्ट बुरशी वेलीवर मुद्दाम येऊ देतात, तिने मणी सुकतो, साखर दाट होते आणि मग ते मणी हाताने एकेक वेचतात. मामाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. चव मध आणि जर्दाळूची, पण मागे आंबटपणा असल्याने चिकट गोड लागत नाही.

तक्रार एकच, पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात लावला आणि वर वेटरने वेगळी टिप मागितली. बिल नीट वाचा, चार्ज लावलेला असेल तर वर काही द्यायची गरज नाही. तिथे युरो नाही, फोरिंट चालतात, एअरपोर्टवर जास्त बदलू नका, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. नळाचं पाणी पिण्याचं आहे. मेट्रोचं कागदी तिकीट आत शिरताना मशीनवर पंच करायचं, चेकर उभे असतात. आणि मार्केटच्या शनिवार-रविवारच्या वेळा आधी बघून घ्या, त्या हिशोबाने दिवस ठरवा.