ऑइल प्रेशर गेज किट: गेज चोख, अडॅप्टरने मात्र वैताग

काल रात्री सिग्नलला गाडीचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि हा किट पुन्हा बाहेर निघाला, म्हणून आज लिहितोय. साधा मेकॅनिकल गेज, रबरी होज आणि अडॅप्टरांचा डबा. इंजिनातल्या ऑइलचं प्रेशर मोजायला.

घेतला तो वेगळ्याच कारणाने. जुनी पेट्रोल गाडी, सकाळी स्टार्ट केली की टकटक. वर्कशॉपवाल्याने मिनिटभर कान दिला आणि सांगितलं, "प्रेशर पडलंय, टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतायत, इंजिन उतरवावं लागेल." प्रेशर मोजलं का, तर नाही. ३० हजारांचं काम नुसत्या कानावर! त्याच संतापात १,४०० रुपये घालून हा किट मागवला.

आता अडॅप्टर. डब्यावर फक्त '१/८' छापलंय. गेज लावायचा तो ऑइलचा दिवा पेटवणारा प्रेशर स्विच काढून, त्याच्या जागी. जपानी घडणीच्या पुष्कळ इंजिनांत या स्विचचे आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचे निमुळते पाइप-आटे) असतात, म्हणजे इंचाला २८ आणि कोन ५५ अंश. किटमधला निघाला एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा: इंचाला २७, कोन ६० अंश. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. सुरुवातीचे फेरे हाताने बसतात, मग अडतो. तिथे पाना लावून रेटलं की अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेलेच! हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात बरोबर अडॅप्टर ८० रुपयांना मिळाला. ८० रुपयांच्या तुकड्यासाठी गिऱ्हाइकाचं इंजिन धोक्यात घालणं मला अजिबात पटलेलं नाही.

गेज मात्र खरं बोलला. थंड इंजिनाचा आकडा नेहमीच चढा दिसतो, त्यावर जाऊ नका. गाडी चांगली फिरवून आणल्यावर आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) १.४ बार, २,००० आरपीएमला ३ बार. प्रेशर ठणठणीत, मग टकटक कसली? थंडपणी मोठी, तापल्यावर जवळजवळ गायब, म्हणून मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाकडे वळलो. त्याच्या पॅकिंगमधून धूर गळला तरी अशीच टकटक होते. धातू तापून फुगला की पॅकिंगची फट मिटते. कडेला काजळीचा काळा पट्टा होताच. पॅकिंग आणि तुटलेला स्टड बदलला, आवाज बंद. ही गळती अंगावर काढू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो.

कालपर्यंत मी याला तीनच तारे दिले असते. काल दिवा लुकलुकताच इंजिन बंद केलं, गाडी ओढून घरी आणली. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं. आज सकाळी स्विच काढून त्या जागी गेज लावला आणि रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत आयडलवर तापू दिलं. काटा पुन्हा १.४ बारवर. असे स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर दिवा लावतात, म्हणजे स्विचच बाद. त्याच्या कनेक्टरमध्येही ऑइल उतरलेलं होतं. नवा २५० रुपयांना आला.

म्हणून आता चार तारे. पाचवा अडॅप्टरपायी कापलाय आणि तो परत मिळणार नाही. किट घेणार असाल तर जुना स्विच खोलून आधी फिटिंगच्या दुकानात न्या, थ्रेड गेज लावून आटे मोजून घ्या आणि अडॅप्टर तिथूनच आणा.