नोकरी सोडून उघडलेली रंगशाळा, सावंतवाडी

मोती तलावापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या घराच्या पडवीत ही रंगशाळा आहे. इथे गंजिफाचे, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळाचे, पत्ते रंगवायला शिकवतात. मुंबईतली बँकेची नोकरी सोडून गावी परतलेल्या ताई ती चालवतात. रविवारी आईला घेऊन गेले. दशावतारी गंजिफा समजून घेतला: 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं (राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी), एकूण 120 गोल पत्ते. आईनं परशुरामाचा परशू रंगवायला घेतला. संधिवातानं बोटं आखडलेली. ताईंनी मनगटाखाली छोटी उशी सरकवली आणि तासभर शेजारी बसून राहिल्या, घाई म्हणून केली नाही. वाडीतल्या मुलांना शनिवारी फुकट शिकवतात, हे तर फारच आवडलं. पंखा मात्र एकच, दुपारी उकडतं. सकाळीच जा. आईनं रंगवलेला पत्ता आता देव्हाऱ्यात आहे.