नाताळच्या सुट्टीत मुंबई: फोर्ट, दादर, मरोळ की ठाणे-वाशी?

दिवाळीचा फराळ संपत आला की मला फोन यायला लागतात. लातूरची आत्तेबहीण, नागपूरची मैत्रीण, तिच्या ओळखीचं आणखी कुणीतरी. प्रश्न एकच: "नाताळात पोरांना मुंबई दाखवायचीय, परवडेल असं हॉटेल सांग ना." मी लालबागच्या चाळीत वाढले. एका खोलीत आम्ही सहा जण असायचो, तरी गावाकडून पाहुणे आले की गॅलरीत गाद्या पडायच्या आणि कुणाला अडचण वाटायची नाही. आता कांजूरमार्गच्या वन बीएचकेमध्ये सासूबाईंचा पलंग हॉलमध्येच आहे. "घरीच उतरा" असं तोंड भरून म्हणता येत नाही, याचं वाईट वाटतं. मग निदान हॉटेल तरी आपल्याच घरचं माणूस उतरणार आहे असं समजून शोधून द्यावं, म्हणून हा आढावा.

डोळ्यांसमोर कुटुंब असं धरलंय: आई-बाबा, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, रेल्वेने येणार, मुक्काम 25 ते 28 डिसेंबर, तीन रात्री. पाहायचंय ते सगळ्यांचं सारखंच असतं: गेटवे, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, नेहरू विज्ञान केंद्र, राणीची बाग, जमलं तर जुहू. ही यादी नीट पाहा. जुहू सोडलं तर सगळं दादरच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे पहिला विचार येतो तो "तिकडेच राहू" असा.

कुलाबा-फोर्टची ओढ मला समजते. सकाळी चहा घेऊन चालत गेटवेला जायचं, दुपारी मुलं दमली की खोलीवर येऊन तासभर पडायचं, संध्याकाळी पुन्हा मरीन ड्राइव्ह. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुपारच्या त्या तासाभराला खरंच मोल आहे. पण मुंबईच्या बाहेरून, देशाच्या बाहेरून येणारे सगळेच त्या आठवड्यात याच दोन-तीन चौरस किलोमीटरमध्ये खोली शोधत असतात. दर चढतो तो चढतोच, आणि त्या दरात मिळणारी खोली पुष्कळदा जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याची, खिडकी नसलेली, कधी कॉमन बाथरूमची असते. जुनी इमारत वाईट असते असं मी म्हणत नाही. फोर्टातल्या काही लॉजेस स्वच्छ आहेत आणि चालवणारी माणसं सज्जन आहेत. फक्त फोनवर तीन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, खोलीला खिडकी आहे का, बाथरूम खोलीतच आहे का. वायएमसीएच्या कुलाबा आणि मुंबई सेंट्रलच्या वसतिगृहांत कुटुंबालाही खोल्या मिळतात, पण डिसेंबरसाठी तिथे आधीच लोक नंबर लावून असतात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. तिकीट काढलं त्याच दिवशी तिथे फोन केला तर आशा आहे.

दादरचं गणित वेगळं. विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी या आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या सकाळच्या वेळी मुंबईत येतात आणि दादरला थांबतात. उतरलं की लॉज चालत्या अंतरावर. मध्य आणि पश्चिम, दोन्ही लोकल हाताशी. जेवणाची तर चैनच: थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, मुलांना नेहमीची पोळी-भाजी. सिद्धिविनायक जवळ, शिवाजी पार्क आणि चौपाटी जवळ. दादर-परळच्या जुन्या लॉजेसमध्ये अजून चोवीस तासांचा हिशेब चालतो, म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला याची किंमत विचारा!

कारण अ‍ॅपवरून ठरवलेल्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारा किंवा दोनलाच मिळते. माझ्या आत्तेबहिणीला मागे एकदा याचा फार त्रास झाला. सकाळी साडेसातला ती दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन एका हॉटेलच्या दारात उभी, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, दोन वाजता या, नाहीतर अर्ध्या दिवसाचे पैसे भरा. ते अर्ध्या दिवसाचे पैसे वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होते. ती बिचारी साडेसहा तास मुलांना घेऊन बागेत बसून राहिली. मुंबईची पहिली सकाळ अशी गेली याची हळहळ मला अजून आहे.

दादरचे दोषही सांगते. खोल्या लहान, चौघांना एका खोलीत जादा गादी टाकून झोपावं लागतं. रस्त्याचा आवाज रात्री बारापर्यंत. शहराच्या या भागात रिक्षा नाही, टॅक्सीच, आणि सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाल्यापासून परळ-दादरच्या रस्त्यांवर टॅक्सी रखडते. आणि कुणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायचं म्हणत असेल तर लक्षात ठेवा: 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला लाखो लोक येतात. तेव्हा त्या आधीच्या आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत दादरला उतरायचं असेल ते चैत्यभूमीसाठीच, पर्यटनासाठी नको.

आता मरोळ आणि अंधेरी पूर्व. माझं मत इथे झुकतं, तेव्हा जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मी अंधेरी पूर्वेला राहून गेटवे पाहायला जा असं कधीच सुचवलं नसतं. चार जणांना घेऊन अंधेरीहून गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं, नाहीतर टॅक्सीत दीड तास. हे बदललं ते भुयारी मेट्रोने. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका 33.5 किलोमीटरची, 27 स्थानकांची. ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली. तिची स्थानकं आणि वरची यादी शेजारी ठेवून बघा: सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट. म्हणजे आपल्या यादीतलं बहुतेक सगळं एका गाडीवर. मरोळ नाक्याला बसलं की पाऊण-एक तासात हुतात्मा चौक, तेही एसीत. तिथून वस्तुसंग्रहालय आणि गेटवे चालत. पूर्ण मार्गाचं सर्वांत महाग तिकीट 70 रुपये आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. अंधेरी पूर्व, साकीनाका, मरोळ, चकाला इथली मधल्या दराची हॉटेलं मुळात कामानिमित्त येणाऱ्यांसाठी आहेत. सोमवार ते गुरुवार भरलेली, शनिवार-रविवारी मोकळी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कंपन्यांच्या बैठका थंडावतात. शिवाय 16 डिसेंबरच्या सुमारास ते संक्रांतीपर्यंत गुजराती आणि उत्तर भारतीय घरांत लग्नं काढत नाहीत, त्यामुळे वऱ्हाडासाठी एकदम वीस खोल्या घेणारेही नसतात. म्हणजे कुलाब्याला गर्दीचा कळस आणि मरोळला तुलनेने शांतता, एकाच आठवड्यात. विमानतळ जवळ असल्याने दर अगदी पडतात असं नाही. पण त्याच पैशांत खोली मोठी, इमारत नवी, लिफ्ट आणि सकाळचा नाश्ता बहुधा धरलेला. चौघांच्या घरात नाश्ता धरलेला असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता आकडे मांडू. दर रोज बदलतात, म्हणून हे निव्वळ समजण्यासाठी. समजा फोर्टात खोली 5,500 ला मिळाली आणि मरोळला 3,500 ला. तीन रात्रींचे 6,000 वाचले. मेट्रोचं सर्वांत महाग तिकीट धरलं तरी चौघांचं जाऊन-येऊन दिवसाचे 560, तीन दिवसांचे 1,680. हातात उरले 4,320. एवढ्यात घारापुरीची लाँच, वस्तुसंग्रहालयाची तिकिटं आणि जेवणं येतात. हाच फरक रात्रीला पाचशे-सहाशेचा असेल तर मात्र प्रवासातच तो संपेल. तेव्हा माझं उत्तर मरोळ नाही, फोर्टच घ्या. मरोळ तेव्हाच, जेव्हा फरक रात्रीला हजाराच्या वर आहे.

करही याच हिशेबात येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, आधी तो 12 होता. त्यावरच्या खोलीला 18 टक्के. गर्दीच्या दिवसांत दर नेमका या रेषेपाशी येतो. 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. वर दिसणारा फरक दोनशेचा, खिशातून जाणारा जवळपास बाराशेचा. अ‍ॅपवर पहिल्या पानावर दिसणारा आकडा बहुतेकदा कर न धरलेला असतो, म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाऊनच दोन हॉटेलांची तुलना करा.

मरोळची अडचण रात्रीची आहे. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास आवरते. मरीन ड्राइव्हवर रात्री अकरापर्यंत बसायची हौस असेल तर परतताना टॅक्सी धरावी लागेल. दिवसाउजेडी निघून दहाच्या आत परतणाऱ्या कुटुंबाला मात्र काही त्रास नाही. आणि गाडीतून उतरून मरोळला पोचायला दादरला उतरून सामानासह भुयारी मेट्रोचं स्थानक शोधत फिरू नका. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने मरोळ नाका. हॉटेलपर्यंत रिक्षा, कमीत कमी भाडं 26 रुपये.

ठाणे आणि वाशीबद्दल थोडक्यात. खोल्या ऐसपैस, दर हलका, ठाण्याला बऱ्याच लांबच्या गाड्याही थांबतात. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट वीस रुपयांच्या आत, म्हणजे प्रवास जवळजवळ फुकट. पण ठाण्याहून सीएसएमटी 34 किलोमीटर आणि सकाळी आठ ते अकरा तुम्ही नोकरदारांच्या लोंढ्याबरोबरच जाणार. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन त्या गर्दीत चढायला मी तुम्हाला सांगणार नाही, पैसे कितीही वाचोत. अकरानंतर निघून रात्री नऊनंतर परतायची तयारी असेल तर ठीक. त्यातही बहुतेक रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात, साधारण अकरा ते चार. वाशीला राहून रविवारी गेटवेचा बेत आखू नका. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी मात्र ठाणे-वाशी सगळ्यांत बरं, कारण फोर्टात पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो.

एकट्या माणसाला किंवा एका रात्रीपुरतं यायचं असेल तर स्टेशनातली सोयही विसरू नका. कन्फर्म तिकिटावर आयआरसीटीसीवरून विश्रामगृहाची खोली काही तासांसाठी घेता येते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर 2021 मध्ये 48 पॉडचं, म्हणजे झोपण्यापुरत्या बंद कप्प्यांचं, छोटेखानी हॉटेल सुरू झालं, तशीच सोय पुढे सीएसएमटीलाही आली. परीक्षेला किंवा मुलाखतीला येणाऱ्या मुला-मुलींना मी हेच सांगते. कुटुंबाला पॉड नको. भुलेश्वर-काळबादेवीकडच्या धर्मशाळा स्वस्त असतात, पण तिथे समाजाची अट असू शकते, जेवणाचे आणि रात्रीच्या वेळेचे नियम कडक. आधी बोलून घेतल्याशिवाय सामान घेऊन दारात जाऊ नका.

परदेशी पासपोर्ट असलेलं कुणी बरोबर असेल, अमेरिकेतला भाचा वगैरे, तर लहान लॉजवाले पुष्कळदा नाही म्हणतात, कारण परदेशी पाहुण्याची माहिती त्यांना फॉर्म भरून परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. हे बुकिंगच्या वेळीच विचारा, काउंटरवर नाही.

31 डिसेंबरची रात्र या सगळ्यातून वगळा. त्या रात्री काही हॉटेलं जेवणाचे पैसे खोलीबरोबर सक्तीने लावतात आणि दर वेगळाच असतो. 25 ला येऊन 28 ला परतलं तर तीच मुंबई, तीच रोषणाई, फरक फक्त पैशांचा. तारखा पुढे-मागे करता येत असतील तर 24, 25 ऐवजी 26 ला या. आणि सोमवार टाळून घारापुरी, बुधवार टाळून राणीची बाग ठरवा, त्या दिवशी दोन्ही बंद असतात.

तर आत्तेबहिणीला यंदा सांगितलंय ते असं. आधी दादरच्या दोन-तीन लॉजेसना फोन कर, चौघांना एक खोली आणि सकाळी सातपासून चोवीस तास मिळत असेल तर पहिली रात्र तिथे. सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, राणीची बाग त्या दिवशी उरक. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खोली सोड, सामान लॉजवर ठेवू देतात का विचार, आणि दुपारी ते घेऊन मरोळला जा, दोन रात्री. मरोळचं बुकिंग मोफत रद्द करता येईल असंच घे, आणि 20 डिसेंबरच्या आसपास त्याच हॉटेलला थेट फोन करून दर विचार. अ‍ॅपपेक्षा कमी सांगितला तर जुनं रद्द कर. फोन ठेवण्याआधी नाव, तारीख आणि ठरलेली रक्कम करासकट मेसेजवर लिहून माग. मी त्या सकाळी दादरला फलाटावर असेनच, मुलांसाठी वडे घेऊन.